हिरवा, पण पिकलेला

टोमॅटो पिकला आहे की नाही हे ओळखायला अक्कल लागते, असं मला कुणी गेल्या वर्षी सांगितलं असतं तर मी त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं असतं. हिरवा तो कच्चा, लाल तो पिकलेला. रस्त्यावरच्या सिग्नलच्या बरोबर उलट. एवढं लक्षात ठेवलं की झालं. या एका ज्ञानाच्या जोरावर मी संसारातली सगळी वर्षं बाजारात ताठ मानेनं पिशवी घेऊन फिरलो. ती मान खाली घालायला लावली माझ्या साडूंनी.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं जमतं, आणि हा दुर्गुण नातेवाइकांत सहन होत नाही. त्यांच्या घरचे नळ गळत नाहीत. त्यांनी भिंतीत ठोकलेला खिळा पहिल्याच फटक्यात सरळ जातो. त्यांच्या गच्चीतल्या टोमॅटोच्या झाडांना फळं अशी लगडतात की कुणी रात्रीतून दोऱ्यानं बांधून ठेवलीत की काय, अशी शंका यावी. मी एकदा हळूच ओढून पाहिलं होतं. बांधलेली नव्हती.

तर एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना त्यांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत टोमॅटोच्या बियांच्या तीन पुड्या. जुनी वाणं आहेत म्हणाले, पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी घरच्या घरी जपलेली. एक वाण पिकलं की काळं होतं, दुसरं पांढरं आणि तिसरं पिकलं तरी हिरवंच राहतं.

"हिरवंच राहतं? मग पिकलं हे कळायचं कसं?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे. त्याला नजर लागते," साडू म्हणाले. "तुम्हाला जमतंय का बघा."

वाक्य तसं साधंच होतं, पण त्यांनी 'तुम्हाला' या शब्दावर जरा बूड टेकलं. तरीही मी सोडून दिलं असतं. पण समोरच्या खुर्चीत माझे सासरे बसले होते. सासरे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, तरी अजून कुणालाच पूर्ण गुण देत नाहीत. सासूबाईंच्या हातचं जेवण त्यांच्या मते 'ठीक' असतं. साडूंनी बांधलेलं घर 'बरं' आहे. माझ्या वाट्याला 'ठीक'सुद्धा कधी आलेलं नाही. त्यांनी चष्म्याच्या वरून पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि यांच्या घरी मनीप्लँट वाळला होता, अशी माहिती उपस्थितांना दिली.

मनीप्लँट वाळला होता हे खरं आहे. पण तो काळ कठीण होता, माझी बदली चालली होती, आणि ते रोप मुळातच खचलेल्या मनाचं होतं. हे सगळं न सांगता मी भलतंच बोलून बसलो. म्हणालो, "बाबा, तुमचा येता वाढदिवस आमच्याकडे. तिन्ही रंगांचे टोमॅटो तुम्हाला खायला घालतो, घरचे."

बायकोनं टेबलाखालून माझा पाय दाबला. उशीर झाला होता. तिनं घरी आल्यावर एवढंच म्हटलं की, विकतचं दुखणं निदान विकत तरी घ्यावं लागतं, तुम्ही ते फुकट आणलंत.

आमच्या इमारतीला गच्ची आहे आणि गच्चीच्या बरोबर खाली सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यामुळे गच्चीवर कावळा जरी जास्त वेळ बसला तरी त्यांच्या छताला ओल येते. कुंड्या ठेवायची परवानगी मागितली तर त्यांनी अर्ज मागितला, अर्ज दिला तर तो सभेपुढे ठेवला, आणि सभेत टोमॅटो हे झाड, झुडूप की वेल यावर अर्धी संध्याकाळ गेली, कारण नियमात फक्त झाडांना बंदी होती. शेवटी कुंड्या विटांवर ठेवायच्या या अटीवर ठराव मंजूर झाला. त्याच्या शेपटाला एक वाक्य होतं की, गच्ची सामाईक असल्यामुळे रोपांवर सर्व सभासदांची देखरेख राहील. मी त्या वाक्याला आनंदानं मान डोलावली. देखरेख म्हणजे लोक लांबून बघतील, असा माझा समज होता.

रोपं छान वाढली. मनीप्लँटचा डाग हळूहळू धुतला जातोय असं मला वाटू लागलं. प्रत्येक कुंडीत मी आइस्क्रीमची एकेक काडी खोचून तिच्यावर निळ्या शाईनं काळा, पांढरा, हिरवा असं लिहिलं होतं. बायको म्हणाली होती, पेन्सिलनं लिहा. पण पेन्सिलच्या अक्षराला कार्यालयीन वजन नसतं. शाईचं वजन पाणी घालता घालता वाहून गेलं, काड्या कोऱ्या झाल्या, आणि नेमक्या त्याच सुमारास पाण्याची टाकी साफ करायला आलेल्या लोकांनी कुंड्या इकडच्या तिकडे केल्या. आता माझ्याजवळ कुंड्या होत्या, रोपं होती, फळंही धरली होती. फक्त कुठलं कोण ते माहीत नव्हतं.

यातली अडचण नीट समजून घ्या, कारण ती समजायला मला स्वतःला बराच वेळ लागला. सगळे टोमॅटो आधी हिरवेच असतात. म्हणजे समोरचा हिरवा टोमॅटो हा कच्चा काळा असू शकतो, कच्चा पांढरा असू शकतो, कच्चा हिरवा असू शकतो किंवा पिकलेला हिरवा असू शकतो. एका फळाबद्दल इतकी अनिश्चितता मी आमच्या खात्यातल्या बढत्यांमध्येही पाहिलेली नाही. पुढे एका रोपाच्या फळांचे खांदे काळपट पडू लागले तेव्हा मला हायसं वाटलं. पण काळा म्हणजे किती काळा? खांदे काळे आणि बूड हिरवं, अशा फळाला काय म्हणायचं? पांढऱ्याचं तर विचारूच नका. तो आधी पांढरट हिरवा होता, मग हिरवट पांढरा झाला. या दोन अवस्थांच्या मध्ये कुठेतरी तो पिकत असावा.

आणि मग देखरेख सुरू झाली.

पहिले आले समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर. त्यांच्या मते प्रश्न रंगाचा नसून हिरड्यांचा होता, म्हणजे सालीचा. त्यांनी अंगठ्यानं प्रत्येक फळ दाबलं आणि दाबताना सवयीनं "दुखतंय का?" असं विचारलं. त्यांचा निष्कर्ष असा की, अजून चार दिवस थांबा आणि गोड कमी खा. दुसरा भाग मला उद्देशून होता. त्यानंतर तळमजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी फळ कानाशी धरून टिचकी मारली. कच्च्या फळाचा आवाज वर लागतो आणि पिकलेल्याचा खाली, असं त्यांचं म्हणणं होतं. मग मलाही ऐकायला लावलं. मला सगळे सारखेच ऐकू आले. ते सांगितल्यावर बाई माझ्या गाण्याबद्दल इतकं सहानुभूतीनं बोलल्या की, टोमॅटोचा विषय बाजूलाच राहिला.

हे दोघे झाल्यावर इमारतीत बातमी पसरली आणि ज्याला अंगठा होता तो गच्चीवर येऊन फळ दाबू लागला. कुणी जाता जाता, कुणी कपडे वाळत घालता घालता. परिणाम असा झाला की, फळं मऊ पडली. मऊ पडली म्हणून लोक म्हणू लागले की, पिकली. ती पिकून मऊ झाली होती की लोकमतानं, हे सांगणं कुणाच्याही हातात उरलं नाही. ज्या फळांना ही प्रसिद्धी सोसली नाही ती गळून पडली. मी 'कृपया दाबू नये' अशी पाटी लावली. सेक्रेटरींनी ती दुपारी काढली, कारण सामाईक जागेत विनापरवाना पाटी लावता येत नाही. तिच्या जागी त्यांनी स्वतःची पाटी लावली. 'विनापरवाना पाटी लावू नये.'

बायको रोज म्हणायची की, एक कापून बघा ना, संपलं. पण फळं थोडीच उरली होती, वाढदिवस जवळ आला होता, आणि एक कापून दुसऱ्याचं काय कळणार? हा शेवटचा मुद्दा माझा नाही. तो दुसऱ्या मजल्यावरच्या जजसाहेबांचा. निवृत्त न्यायाधीश असल्यामुळे निवाड्यासाठी मी शेवटी त्यांच्याकडे गेलो होतो. ते काठी टेकत गच्चीवर आले, खुर्ची मागवली, प्रत्येक फळाचं नीट निरीक्षण केलं, माझी उलटतपासणी घेतली आणि काड्या कोऱ्या निघाल्याबद्दल मला समज दिली. मग म्हणाले की, फळ पिकलं आहे असं निःसंशय सिद्ध होत नाही, तेव्हा तूर्त ते कच्चं धरावं आणि तज्ज्ञाचं मत घ्यावं. तोवर प्रकरण तहकूब.

तज्ज्ञ म्हणजे सरकारचं फळभाजी मार्गदर्शन केंद्र. तिथं जायला मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. कारणाच्या जागी 'घरगुती' असं लिहिलं, ते अगदीच खोटं नव्हतं. एक हिरवा आणि एक काळा टोमॅटो डब्यात कापूस घालून नेला. खिडकीमागच्या गृहस्थांनी हिरवा टोमॅटो पाहिला आणि न उचलताच सांगितलं की, कच्चा आहे.

मी अदबीनं म्हटलं की, तो पिकलेला असू शकतो. मग लाल का नाही, असं त्यांनी विचारलं. त्याचं वाण तसं आहे, पिकला तरी हिरवाच राहतो, असं मी सांगितलं. त्यावर ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. घरी कुणी मोठं माणूस आहे का, असं विचारण्याच्या बेतात असावेत. मग त्यांनी खुलासा केला की, पिकलेल्या फळांचं मार्गदर्शन इथं मिळतं, कच्च्या फळांचं वरच्या मजल्यावर. कोणत्या मजल्यावर जायचं हे ठरवायला आधी फळ पिकलंय की कच्चं हे मला सांगता यायला हवं. मी म्हटलं, तेच विचारायला आलोय. ते म्हणाले, मग वर विचारा. वरच्यांनी खाली विचारायला सांगितलं. त्या जिन्यावरून मी टोमॅटो घेऊन इतक्या वेळा वरखाली केलं की, तो तिथंच पिकला असता तरी नवल नव्हतं.

शेवटी वैतागून मी खिडकीवर काळा टोमॅटो ठेवला. त्यासरशी गृहस्थ खुर्चीसकट मागे सरकले. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. त्यानं रबरी हातमोजे चढवले. फळ चिमट्यानं उचललं, पिशवीत घातलं, पिशवीला गाठ मारली. कुठून आणला, असं मला विचारण्यात आलं. मी सांगितलं, घरचा आहे. घरी असे आणखी आहेत का? मी इतके दिवस कुणीतरी हा प्रश्न आदरानं विचारावा म्हणून वाट पाहत होतो. छाती काढून म्हणालो, "आहेत की, भरपूर."

त्यांनी पत्ता लिहून घेतला. हा काळा करपा दिसतोय, निरीक्षक घरी येतील, तोवर एकाही फळाला हात लावायचा नाही, असं बजावलं. काळा हा रोग नसून रंग आहे हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मलाही हात धुवून जायला सांगितलं. सरकारी काम इतक्या झपाट्यानं होताना मी जन्मात पहिल्यांदाच पाहिलं.

घरी येऊन सगळं सांगितल्यावर बायको नुसती हसत सुटली. पुढे दोन-तीन दिवस ती कणीक मळताना मधूनच थांबून हसायची. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे सासऱ्यांची खुर्ची होती.

वाढदिवसाच्या सकाळी मी हुकूम मोडला. सगळी फळं उतरवली. निरीक्षक यायचे तेव्हा येवोत, सासरे बाराला येणार होते. ते, सासूबाई, बायकोची ताई आणि साडू असे चौघे वेळेवर हजर झाले. साडूंच्या हातात एक टोपली होती आणि टोपलीत त्यांच्या गच्चीवरचे लालबुंद टोमॅटो. वेळ पडली तर असू द्यात, म्हणाले. मी ती टोपली दाराशी चपलांच्या शेजारी ठेवून दिली.

बायकोनं टोमॅटोच्या चकत्या करून मोठ्या ताटात मांडल्या होत्या, वर मीठ आणि मिरपूड. कापल्यावर तरी उलगडा होईल या आशेनं मी सुरीच्या मागोमाग नाक घेऊन उभा होतो. हिरवा आतूनही हिरवा होता. पांढरा आतूनही पांढरा. काळ्याच्या आत पावसाळी संध्याकाळसारखा रंग होता. कशातूनच काही कळलं नाही. चाखून बघायला बायकोनं चकती पुढे केली होती, पण तेवढ्यात ही मंडळी आली होती. ताट पाहून ताई म्हणाली की, रंग छान आहेत. एखाद्याच्या घराच्या भिंतींबद्दल बोलावं तसं म्हणाली. साडू मात्र ताटाकडे पाहून जरा बिचकल्यासारखे वाटले. सासरे टेबलाशी बसले, त्यांनी नॅपकिन मांडीवर पसरला आणि मला विचारलं की, हे खायचंय का.

मी उत्तर देणार तोच बेल वाजली.

दारात निरीक्षक होते. हातात पेटी, हातात मोजे, नाकावर फडकं. त्यांच्या मागे सेक्रेटरी, कारण रोग सामाईक जागेत सापडला होता. सेक्रेटरींच्या मागे काठी टेकत जजसाहेब, कारण प्रकरण तहकूब होतं, निकाली निघालं नव्हतं. ही सगळी मंडळी गच्ची बघूनच खाली आली होती. झाडांवर पानांशिवाय काही उरलं नव्हतं आणि पानं ठणठणीत होती, त्यामुळे निरीक्षक चिडले होते. फळं गेली कुठे, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळे, सासरे सोडून, बाहेरच्या खोलीत जमलो होतो.

मी वाणांची हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. निरीक्षक म्हणाले की, काळा, पांढरा आणि पिकूनही हिरवा असे तीन टोमॅटो एकाच घरात, हे त्यांच्या उभ्या नोकरीत ऐकलेलं नाही. झाडं उपटावी लागतील, शिवाय ज्यानं बियाणं दिलं त्याची पूर्ण बागही तपासावी लागेल. "बियाणं कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

मी काही बोललो नाही. देवाशपथ, एक शब्द बोललो नाही. मी फक्त साडूंकडे पाहिलं. मग बायकोनं पाहिलं, ताईनं पाहिलं, सासूबाईंनी चष्मा नीट करून पाहिलं.

बियाणं आपलं नाही, एका ओळखीच्यानं दिलं होतं, आपल्या बागेत असलं काही नाही, असं साडू घाईघाईनं म्हणाले. मग स्वतः का लावलं नाही, असा प्रश्न जजसाहेबांनी बसल्या जागेवरून टाकला. त्यांचा आवाज कोर्टातला होता. त्या आवाजापुढे साडू टिकले नाहीत.

"लावलं होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "गेल्या वर्षी लावलं होतं. काही कळेचना कधी तोडायचे ते. निम्मे कच्चे तोडले, निम्मे झाडावरच सडले. म्हटलं, यांना देऊन बघावं."

ताईला ही बातमी नवी होती. ती त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "म्हणजे मागच्या वर्षी टोमॅटो माकडांनी नेले म्हणालात, ते?"

साडूंनी छताकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मला त्यांच्याबद्दल इतका जिव्हाळा कधी वाटला नव्हता.

जजसाहेबांनी मात्र मूळ मुद्दा सोडला नव्हता. जप्ती करायची तर मुद्देमाल हवा, म्हणाले. तेव्हा आम्ही सगळे रांगेनं आत गेलो.

ताट रिकामं होतं. सासरे नॅपकिननं मिशा पुसत होते. बारा वाजता जेवायची त्यांची सवय, आणि बाहेर आमचं लांबलं होतं, म्हणून त्यांनी समोर होतं ते सगळं संपवलं होतं. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. निरीक्षकांनी नाकावरचं फडकं काढलं आणि पोटात काही होतंय का, अशी चौकशी केली. सासरे म्हणाले, मघाशी भूक होत होती, आता नाही.

निरीक्षक तरी काय करणार? रोगाची लक्षणं दिसतात का ते बघायला थांबले. थांबलेल्या माणसाला वाढावंच लागतं. सेक्रेटरी आणि जजसाहेबही लक्षणं बघायला थांबले, त्यांनाही वाढलं. सासरे दोनदा ढेकर देऊन पेपर वाचत बसले. दुपार टळली तेव्हा निरीक्षकांनी कागदावर लिहिलं की, रोग आढळला नाही, फळे आढळली नाहीत. मग उठले आणि म्हणाले, नमुना मात्र न्यावाच लागतो, रिकाम्या हातानं गेलो तर वरिष्ठ विचारतात. घरात टोमॅटो म्हणावेत असे एकाच ठिकाणी होते. त्यांनी चपला घालता घालता साडूंची टोपली उचलली, वर पावती दिली आणि गेले. साडू दारापर्यंत गेले होते. टोपली परत मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. अहवाल आल्यावर, असं उत्तर जिन्यातून आलं.

बाहेरचे सगळे गेल्यावर आम्ही सासऱ्यांभोवती जमलो. साडू सर्वांत पुढे. पिकले होते की नव्हते, या प्रश्नाचं उत्तर जगात आता एकाच माणसाजवळ होतं, आणि तो माणूस शब्दकोड्याची तिसरी ओळ बघत होता. बायकोनं पेपर हळूच बाजूला केला.

"बाबा, खरं सांगा. कसे होते?"

सासऱ्यांनी विचार केला. ते उत्तरपत्रिका तपासताना असाच विचार करत असणार.

"दोन कच्चे होते," ते म्हणाले. "तुरट. जीभ आखडली." मग त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "एक मात्र असा होता, जावईबापू, की असा टोमॅटो मी जन्मात खाल्लेला नाही. उत्तम."

'उत्तम.' सासूबाईंनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या संसारात हा शब्द घरात पहिल्यांदाच आला असावा.

"कोणता, बाबा?" मी आणि साडू एकदमच म्हणालो. "काळा, पांढरा की हिरवा?"

"ते कसं सांगणार?" सासरे म्हणाले. "ते रंग मला बघवेनात. मी डोळे मिटून खाल्ले."

त्यांनी पेपर पुन्हा उघडला, पान उलटलं, आणि वर न बघताच म्हणाले, "पुढच्या वर्षी तेवढा एकच लावा. बाकीचे दोन नकोत."